बिनपरवाना

वणीत परवान्यावाचून फारसं काही करता येत नाही. बाजार समितीत कापूस घ्यायचा तर परवाना लागतो. फवारणीचं औषध विकायचं तर परवाना लागतो, आणि तो मिळवायला आता शेतकी शिक्षणाचा कागद दाखवावा लागतो. सावकारी करायची तर 2014 च्या कायद्याखाली परवाना. कोर्टात उभं राहायला सनद, दवाखाना टाकायला नोंदणी क्रमांक, उकणीच्या खाणीतून कोळसा भरून निघालेला ट्रक हाकायला जड वाहनाचं लायसन. मला यातलं काही लागत नाही. मी परक्याच्या घरात शिरते, त्यांच्या बाजेवर बसते, नवरा हात उचलतो का, देणं किती आहे, रात्री झोप लागते का, गेलेला माणूस आदल्या दिवशी कोणाशी काय बोलला, हे सगळं विचारते, वहीत उतरवते आणि उठते. हे करायची मुभा मला कोणत्याही परिषदेनं दिलेली नाही. त्यामुळे ती काढून घ्यायलाही कोणी नाही.

मारेगाव तालुक्यातली एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आली होती. बारावी झालेली, घरी थोडी कोरडवाहू, आणि लग्नाची बोलणी पुढं ढकलायची म्हणून शिकायचं आहे, हे तिनंच सांगून टाकलं. "ताई, तुमच्यासारखं व्हायचं असंल तं काय काय करा लागते?"

रस्ता मला तोंडपाठ आहे. बारावीनंतर तीन वर्षांचं बीएसडब्ल्यू, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे हवं तर चौथं वर्ष. मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. बीए-बीकॉम करूनही एमएसडब्ल्यूला जाता येतं, पण बीएसडब्ल्यू करून आलेल्या पोरांचे पाय आधीच गावोगाव फिरून तयार झालेले असतात. शिकायला यवतमाळला जा, चंद्रपूरला जा नाहीतर नागपूरला. वणीकराला याची सवय आहेच: जिल्हा यवतमाळ, विद्यापीठ अमरावतीचं, खासदार चंद्रपूरचा आणि आजार मोठा निघाला की गाडी नागपूर-सेवाग्रामची. राज्यातली बरीच समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालतात, त्यामुळे दलित-आदिवासी पोरापोरींना तिथलं दार ओळखीचं वाटतं. पुढं नोकऱ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, एचआयव्ही तपासणी केंद्रातला समुपदेशक, पोलिसांच्या आवारात चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. हा कक्ष 1984 मध्ये मुंबई पोलिसांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं सुरू केला होता, तिथून तो राज्यभर गेला. नेट-सेट झाली तर प्राध्यापकी. आणि आपल्या भागात खाणी आहेत, तेव्हा हेही सांगितलं की 1955 च्या खाण नियमांत पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या खाणीला कल्याण अधिकारी ठेवावा लागे आणि त्या जागेसाठी समाजकार्याची पदवी-पदविका चालत असे. घोन्सा, पिंपळगाव, जुनाड ही नावं तिला लहानपणापासून ठाऊक; तिथं आपल्या विषयाची खुर्ची असू शकते, हे नवीन होतं.

"मंग शेवटी सरकार लायसन देते?"

"नाही."

"म्हंजे तुमाले कोणी बंद करू शकत नाही?" ती खूश झाली होती.

खरं सांगायचं तर मीही तो फायदाच धरून चालले होते.

मुंबईत नागपाड्याला 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी पहिला संचालक, पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी. हीच पुढं टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. विदर्भात कमलाताई होस्पेटांनी 1921 मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघानं 1958 मध्ये नागपुरात समाजकार्याची संस्था काढली. म्हणजे शिक्षणाची सोय होऊन नव्वद वर्षं होत आली. वकिलांना परिषद आहे, परिचारिकांना आहे, वास्तुविशारदांना आहे. समाजकार्याच्या राष्ट्रीय परिषदेचा मसुदा 1990 च्या दशकात तयार झाला आणि मसुदाच राहिला. दरम्यान टिळक चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावलेला प्रत्येक जण समाजसेवक असतो. त्यांच्यावर मी पुष्कळ हसले आहे. माझ्याकडे पदवी आणि त्यांच्याकडे फ्लेक्स, एवढाच फरक कायद्याच्या डोळ्याला दिसतो, आणि तोही बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

पदवीचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, बाबा आमट्यांनी कुठं एमएसडब्ल्यू केलं होतं? वरोरा आम्हाला वर्धा नदीपलीकडे, आनंदवन इथल्या प्रत्येकानं शाळेच्या सहलीत पाहिलेलं. या प्रश्नाला मी एक उत्तर तयार ठेवलं आहे: बाबा वकील होते, कुष्ठरोग्यांच्या जखमांना हात लावायचं ठरवल्यावर ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन रीतसर शिकून आले. हे सांगितलं की समोरचा गप्प होतो. वाद जिंकायला हे उत्तर मला बरेचदा उपयोगी पडलं. पण त्याची टोकदार बाजू माझ्याकडे वळलेली आहे, ती मी झाकून ठेवते. त्यांना समोर रोगी दिसत होता, म्हणून ते शिकायला गेले. मी शिकायला गेले तेव्हा माझ्यासमोर कोणी नव्हतं. मला पगाराची नोकरी हवी होती, डीएडला जागा नव्हत्या, आणि बीएसडब्ल्यूचा फॉर्म स्वस्त होता. माणसं नंतर आली, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून.

ती आली क्षेत्रकार्यात. आम्ही फिल्डवर्कच म्हणायचो. आठवड्यातले दोन दिवस गावात किंवा संस्थेत, बाकीचे दिवस वर्गात. त्याची एक वही असते. तारीख, वेळ, ठिकाण, भेटीचा उद्देश, निरीक्षण, हस्तक्षेप, पुढील नियोजन, आणि तळाशी पर्यवेक्षकाची सही. तास भरले तरच परीक्षेला बसता येतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या तासांच्या रकान्यावर. हस्तक्षेपाच्या रकान्यात काही ना काही लिहावंच लागतं. बाई रडली आणि मी गप्प बसले, एवढंच झालं असेल तर तो हस्तक्षेप धरत नाहीत. मग आम्ही लिहायचो, 'भावनिक आधार दिला.'

वर्गात फेलिक्स बीस्टेक या अमेरिकन पाद्र्यानं 1957 मध्ये मांडलेली व्यक्ती सहाय्य कार्याची सात तत्त्वं घोकून घेत. स्वीकृती, गोपनीयता, आत्मनिर्णय आणि बाकीची. तत्त्वं चांगलीच आहेत. पण ती ज्या कचेरीत बसून लिहिली गेली तिथं अडलेला माणूस आपल्या पायानं चालत येतो, दारावरची पाटी वाचतो, आत शिरतो आणि नाही पटलं तर उठून जातो. वणी-मारेगाव-झरीत कोणी माझ्या कचेरीत येत नाही. मीच जाते. उठून जायची सोय माझ्याकडे असते, ज्याचं घर आहे त्याच्याकडे नसते. स्वतःच्या घरातून उठून माणूस कुठं जाणार? आत्मनिर्णयाचं तत्त्व या परिस्थितीत कसं पाळायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं? परीक्षेत 'सात तत्त्वे स्पष्ट करा' एवढंच येई आणि त्यात मला चांगले गुण होते.

झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावर, अशाच फिल्डवर्कच्या दिवसांत, मी एका घरी गेले होते. कोलामांची वस्ती, कुडाच्या भिंती, अंगणात बांबूच्या कामट्या पसरलेल्या. कोलाम महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, हे मी पाठ केलेलं होतं. घरातली मुलगी माझ्याहून लहान होती आणि तिच्या कडेवर पोर होतं. लग्न झालेलं नव्हतं. या पट्ट्यातल्या कुमारी मातांवर वर्तमानपत्रांनी किती लिहिलं आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिची आई खाली मान घालून कामट्या सोलत बसली होती. चाकूची धार बांबूवरून सरकली की बारीक चर्र आवाज येई, आणि आमच्या बोलण्यात खंड पडला की तेवढाच ऐकू येई. मायलेकी आपसात कोलामीत बोलत. माझ्याशी मुलगी मराठीत बोलली.

मी दुसरा प्रश्न विचारला आणि तिनं तिसऱ्याचं उत्तर दिलं.

मला आधी वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मग ध्यानात आलं, तिला माझे सगळे प्रश्न पाठ आहेत. माझ्याआधी वार्ताहर येऊन गेले, संस्थावाले आले, कोणी मोठ्या बाई गाडी घेऊन आल्या. वय काय, तो कोण होता, कुठं भेटला, ठेकेदाराचा माणूस होता का, पोलिसांत गेली का, आता पोट कसं भरते. त्याच क्रमानं ती बोलत गेली, शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तशी, आणि संपल्यावर आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "झालं का मॅडम तुमचं?" वहीत मी लिहिलं: 'लाभार्थीने उत्तम सहकार्य केले. संबंध प्रस्थापित झाले.' सही झाली.

यातही मी स्वतःला माफ केलं असतं. शिकाऊ होते, म्हणून सोडून दिलं असतं. पुढं नोकरीच्या मुलाखतीत विचारलं गेलं, "एखादी केस सांगा." मी तीच सांगितली. तिचं नाव बदललं, कारण गोपनीयतेचं तत्त्व मला येत होतं. पोडाचं नाव मात्र बदललं नाही. मी एवढ्या आत जाऊन काम केलंय हे समोरच्यांना कळायला हवं होतं. ज्या पोडावर बोटावर मोजता येतील एवढी घरं, तिथं नाव बदलून काय झाकलं जातं, हे मला तेव्हाही कळत होतं. नोकरी मिळाली. आजचा माझा पगार ज्या पायऱ्यांवर उभा आहे, त्यातली एक पायरी त्या मुलीची आहे, आणि तिला हे ठाऊक नाही. ठाऊक झालं तरी तिनं जायचं कुठं? डॉक्टरविरुद्ध वैद्यक परिषद आहे, वकिलाविरुद्ध बार कौन्सिल आहे. त्या दारांतून न्याय किती मिळतो हा वेगळा विषय, पण दार आहे. माझ्याविरुद्ध ती फार तर माझ्या संस्थेकडे जाईल. संस्थेचा पत्ता शहरातला आणि फोन उचलणार मी.

आपल्याकडे परवाना अगदीच नाही असंही नाही. तो तुकड्यातुकड्यानं आहे, आणि त्या तुकड्यांची गंमत आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसोपचार समाजकार्यकर्ता कोणाला म्हणायचं ते पक्कं केलं: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. म्हणजे माझ्याकडे आलेल्या त्या मुलीला बारावीनंतर सात वर्षं, आणि शेवटची दोन बंगळूरच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी. त्यातही 2022 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगानं एमफिल बंदच केलं. या विषयाला 2025-26 पर्यंत सवलत मिळाली. अपंगांच्या पुनर्वसनात काम करायचं तर 1992 च्या कायद्यानं आलेली भारतीय पुनर्वास परिषद आहे. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्ते आले. हे सगळे दवाखान्याच्या भिंतीच्या आतले. भिंतीबाहेर, वावरात आणि पोडावर, रान मोकळं. आणि बाल न्याय कायदा तर वाचण्यासारखा आहे. 2015 च्या त्या कायद्यात बाल न्याय मंडळावर दोन समाजकार्यकर्ते नेमायचे आहेत. त्यांना मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव हवा, नाहीतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला व्यावसायिक हवा. समाजकार्याची पदवी या यादीत नाहीच. बालकल्याण समितीच्या यादीत ती आहे. आम्ही हे एकमेकांना सांगून चिडतो.

चिडून आम्ही निवेदनंही दिली आहेत. वणीच्या तहसीलवर निवेदन द्यायला गेलो तेव्हा मजकूर माझ्या हातचा होता. राष्ट्रीय परिषद स्थापन करा, नोंदणी सुरू करा, समाजकार्याच्या जागांवर समाजकार्याचेच पदवीधर घ्या, अकरा महिन्यांच्या ऑर्डरी बंद करा, समान कामाला समान वेतन द्या. एकही मागणी चुकीची नव्हती. आजही त्या कागदावर मी सही करीन. परंतु त्याची प्रत माझ्या कपाटात आहे आणि अलीकडे मी ती पुन्हा वाचली. आमच्या कामानं कोणाचं नुकसान झालं तर त्यानं तक्रार कुठं करायची, असं एक ओळीचं कलम त्यात नाही. लिहायला विसरले असं नाही, सुचलंच नाही. परिषद मला हवी होती ती नावापुढं क्रमांक लागावा म्हणून, तलाठी-ग्रामसेवकाच्या ओळीत खुर्ची मिळावी म्हणून, अभियंत्याशी लग्न झालेल्या बहिणीला माझं काम काय ते एका वाक्यात सांगता यावं म्हणून. इंग्लंडमध्ये 2005 पासून नोंदणी नसताना स्वतःला सोशल वर्कर म्हणवणं गुन्हा आहे, हे मी भाषणात सांगत असे. टाळ्या पडत. तिथली नोंदणी संस्था, 2019 पासून सोशल वर्क इंग्लंड, तक्रारींची सुनावणी घेते आणि निकाल नावानिशी जाहीर करते, ही माहिती मला होती. भाषणात ती येत नसे.

शेतकरी आत्महत्येच्या घरी गेलं की हे सगळं जास्त टोचतं. मदतीचा नियम 2006 पासूनचा: एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं हवं, थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. हातउसने, सोन्यावर खासगीत काढलेले, कृषी केंद्रातल्या उधारीचे पैसे कागदावर दिसत नाहीत. ज्याच्यापायी माणूस गेला त्या सावकाराकडे परवाना नसेल तर ते मरण अपात्र. हे मी शेकडो वेळा संतापून बोलले आहे. माझ्या स्वतःच्या बिनपरवाना असण्याशी मात्र ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

अशा घरी माझं काम मनोसामाजिक सर्वेक्षणाचं असतं. पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समितीशी त्याचा काही संबंध नाही. घरच्यांना ते माहीत नसतं. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील अर्ज, सोबत आशाताई. ते मला सरकारी माणूस धरतात. उसनं दूध आणून चहा करतात. पोरांना पुढं बसवतात, पोरगी दहावीला आहे हे मुद्दाम सांगतात. विचारलेलं सगळं सांगतात, न विचारलेलंही. गेलेल्या माणसाची चप्पल दाराशी तशीच असते, आणि त्याची बायको विचारते, "मॅडम, आमचं पात्र होईन ना?" मी म्हणते, "बघू."

त्या 'बघू'त मी काय बघणार आहे? माझ्या हातात काही नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं तर अर्धी घरं बोलणार नाहीत. ते माहीत असल्यामुळे मी पहिल्या वाक्यात सांगत नाही. विचारलं तर सांगते, म्हणून खोटं बोलले असं कोणाला म्हणता येणार नाही. मला स्वतःलाही बरीच वर्षं म्हणता आलं नाही. माहिती खरी मिळते, अहवाल चांगला होतो, कार्यशाळेत तो मांडला जातो, आणि या साखळीच्या पहिल्या कडीला एका बाईचा गैरसमज आहे, जो मी दूर केला नाही कारण तो माझ्या सोयीचा होता.

मग परवाना आला की हे थांबेल? मला खात्री नाही. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीच्या औषधाच्या धंद्याला तेव्हाही परवाना होताच. आणि नोंदणी सक्तीची झाली तर पहिला बळी कोणाचा, तेही मला दिसतं. आमच्याबरोबर एका पोडावरची बाई काम करते. शाळा सातवीपर्यंत. कोलामी तिची मायबोली, त्यामुळे तिला प्रश्न विचारावे लागत नाहीत. ती कामट्या सोलायला बसते आणि लोक आपणहून बोलतात. तिच्याकडे कोणती पदवी? तिला त्या वहीतला एक रकानाही भरता येणार नाही, आणि मला जे कळायला वर्षं लागली ते तिला आधीपासून येतं.

इथं मला स्वतःची लबाडी सगळ्यांत स्वच्छ दिसते. परिषद आली तर माझ्या कामाचीही झडती होईल, अशी भीती वाटते त्या दिवशी मी या बाईचं उदाहरण देते: बघा, कागदांनी काय होतं, माणूस महत्त्वाचा. आणि संस्थेनं माझ्या अर्ध्या पगारात तिला माझी काही गावं द्यायचं ठरवलं, तेव्हा मीच बैठकीत म्हणाले की हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? दोन्ही वेळा मी बोलले ते बिनचूक होतं. दोन्ही वेळा ती बाई समोर बसलेली होती, आणि दुसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मारेगावच्या मुलीला मी नंतर फोन केला आणि राहिलेला भाग सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, फॉर्मची शेवटची तारीख काय आहे? बरोबरच होतं तिचं. माझ्या मनातली भानगड तिच्या प्रवेशाच्या आड यायचं कारण नव्हतं. तिनं यवतमाळला प्रवेश घेतला आहे. तिच्या फिल्डवर्कला वणीकडचं गाव मिळालं तर पर्यवेक्षक म्हणून मी सही करायची, असं ठरलं आहे. हस्तक्षेपाच्या रकान्यात 'गप्प बसले' लिहिलेलं मी मान्य करीन. महाविद्यालय करील का, ते विचारायचं आहे.

दरम्यान घरभेटीची सुरुवात मी बदलली आहे. बाजेवर बसण्याआधी सांगते: मी सरकारची नाही, माझ्यामुळे पैसे मिळणार नाहीत आणि थांबणारही नाहीत, माझ्या वरच्या साहेबांचं नाव आणि नंबर हा, आणि बोलायचं नसेल तर बोलू नका. आशाताईंना हे अजिबात आवडत नाही. "असं सांगत्तं तं कोण बोलंन तुमच्याशी?" त्यांचं खरं आहे. तरी बहुतेक बोलतात. कायरकडच्या एका म्हाताऱ्यानं तेवढं ऐकून घेतलं. त्याचा मुलगा गेलेला. तो म्हणाला, "मंग आज नोका." आणि नात शाळेतून यायची वेळ झाली म्हणून तो आत गेला.

आमच्या अर्जात 'भेट नाकारली' असा रकाना नाही. घर बंद, कुटुंब स्थलांतरित, माहिती अपूर्ण, एवढेच पर्याय आहेत. मी समासात हातानं लिहिलं. महिन्याच्या बैठकीत त्यावर विचारणा झाली, आकडा एकानं कमी कसा? मी सांगितलं ते त्यांना पटलं असं वाटलं नाही, आणि मीही फार ताणलं नाही. पुढच्या महिन्यात शिंदोल्याकडचं एक घर जास्तीचं घेऊन मी उद्दिष्ट पूर्ण केलं.